बाबांनी नापसंत केलेल्या गाड्या

४ सप्टेंबर, गुरुवार

लॅबवाल्या मॅडमनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. काऊंटरवरचं माझं काम महिनाअखेर संपतंय हे माहीत होतंच. रक्त काढायला दोन मुली पुरतात आणि मी तिसरी. पण त्यांनी वेगळंच काढलं. गावाबाहेरच्या सात वस्त्या. सकाळी सहाला निघायचं, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं रक्त घ्यायचं आणि नऊच्या आत नमुने लॅबमध्ये पोचवायचे. पगार आत्ताच्या दीडपट.

"फक्त गाडी तुझी लागेल," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत बसकण मारणारी नको. नमुने तापले की फेकून द्यावे लागतात, मग त्याच आजीला पुन्हा टोचायला जा. एक तारखेला सुरू करशील? नाहीतर मला दुसरं माणूस बघायला लागेल."

"करीन की," मी म्हणाले. जिना उतरताना लक्षात आलं, आपल्याकडे गाडी नाही.

होती एक. आठ वर्षांपूर्वी घटस्फोट झाला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. खरं सांगायचं तर गाडीचं जास्त वाईट वाटलं होतं.

जेवताना सांगितलं. माझी लेक खारू टाळ्या वाजवून मोकळी झाली. तिला सोळावं लागलंय, टाळ्या वाजवायला कारण लागत नाही. मग तिने टेबलावर दोनदा टकटक केलं आणि आजोबांकडे वळून सगळं पहिल्यापासून, हातवारे करून, सावकाश सांगितलं. हे टकटक करण्याचं खूळ अलीकडचं. आजोबा म्हणजे काय दार आहे? दटावलं तिला.

बाबा उठले, कपाटातून एक पाकीट आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पन्नास हजार. दुकानातलं शेवटचं शिलाई मशीन विकलं त्याचे.

"बाबा, हे तुमच्यासाठी ठेवलं होतं ना?"

"गाडी घे," बाबा म्हणाले. "पण बघायला मी येणार."

माझे सव्वा लाख आणि हे. त्यात गाडी, विमा, नावावर करण्याचा खर्च, सगळं बसलं पाहिजे.

७ सप्टेंबर, रविवार

पहिली गाडी पाहिली. मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचं आवार आहे, तिथल्या माणसाने पांढरे शुभ्र बूट घातले होते. ग्रीसमामांना बरोबर नेलं होतं. हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवतात. नाव खारूनेच ठेवलंय आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

गाडी पांढरी, चकचकीत, आत अत्तराचा भपकारा. "ताई, एका डॉक्टरांनी वापरलेली," पांढरे बूट म्हणाले. "फक्त रविवारी बाहेर काढायचे."

"मग ब्रेक-क्लचच्या पेडलांचं रबर एवढं कसं झिजलं?" ग्रीसमामा म्हणाले. "रविवारी नाचायचे का आत?"

तेवढ्यात मागच्या सीटवर बसलेल्या खारूने सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढतच गेली, पार टोकापर्यंत. शेवटची वीतभर पट्टी चिखलाच्या रंगाची निघाली. गाडी पुरात उभी राहिलेली होती. बाकी सगळं धुतलं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं टोक कोण बघतं? आमची खार बघते. कुठल्याही गोष्टीच्या तळाशी जाऊन कुरतडायची तिला लहानपणापासूनची सवय. नाव उगीच नाही पडलं.

बाबांना बोनेट उघडायचीसुद्धा वेळ आली नाही. परत येताना मला वाटलं ते थोडे खूशच होते.

११ सप्टेंबर, गुरुवार

भांडी घासताना आज बरंच बोलले.

ही माझी जुनी सवय. मी बेसिनकडे तोंड करून, बाबा मागे टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन. समोर कोणी असलं की मला मनातलं बोलता येत नाही. पाठीशी बाबा असले की येतं. मध्ये बोलत नाहीत, उपदेश करत नाहीत, च्च करत नाहीत. जगात माझ्या बाबांसारखं ऐकून घेणारं कोणी नाही. पूर्वी निदान 'हं' तरी करायचे, गेले काही महिने तेही नाही, आणि मला तेच जास्त आवडायला लागलंय.

आज ते बोलले जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. आई गेली त्या पहाटे फोन वाजला तेव्हा मी जागी होते. घरचा नंबर दिसत होता. आदल्या दिवशी आईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि मला वाटलं तीच असेल, पुन्हा सुरू करायला. मी फोन उचलला नाही. वाजू दिला. सहा वर्षं झाली. माझ्या हातातली ताटली कितीतरी वेळा धुऊन झाली होती.

बाबा काही बोलले नाहीत. मी हात पुसले, वळले. त्यांनी शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मी ती क्षमा समजले. तसंच असणार. बाबांची क्षमा अशीच असेल, पान उलटल्यासारखी. आज कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

भूगोलाच्या निवृत्त मास्तरांची गाडी. राखाडी, अकरा वर्षांची, एकहाती, म्हणजे पहिल्यापासून त्यांचीच. मास्तरांनी फाईल काढली: प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, तारखेनुसार, वर पेन्सिलीने टीप. दीड लाख सांगितले आणि म्हणाले, "घासाघीस करू नका, मला ती येत नाही." ग्रीसमामा दुसऱ्या कामात होते, म्हणून बाबा आणि मीच गेलो.

बाबांनी तो लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

इथे लिहून ठेवायला हवं. बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात नियम होता, मशीन चालू असताना कोणी बोलायचं नाही. बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि ऐकायचे. मशीन चांगलं असलं की गुणगुणायला लागायचे. वाईट असलं की गप्प. गिऱ्हाईक बिचारं त्यांच्या तोंडाकडे बघत उभं. आम्ही घरातही तेच शिकलो. बाबा गप्प बसले म्हणजे पसंत नाही. आईने केलेला नवा पडदा, माझं प्रगतिपुस्तक, आणि पुढे माझा नवरा. त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाबा तासभर गप्प बसले होते. तेव्हा ऐकायला हवं होतं.

आज बाबांनी टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. बराच वेळ. मग दुसऱ्या कानाला लावली. मास्तर श्वास रोखून उभे. बाबा सरळ झाले, स्क्रूड्रायव्हर पुसला आणि गप्प राहिले. ना गुणगुणणं, ना काही.

मी मास्तरांना नम्रपणे नाही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. फाईल छातीशी धरून फाटकापर्यंत आले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

मास्तरांची गाडी काल आम्ही निघाल्यावर दोन तासांत गेली. ग्रीसमामांनी डोक्याला हात लावला. "अहो ताई, ती गाडी मी सात वर्षं हाताळलीय! एक फोन करायचात. तिच्यात दोष शोधायचा म्हणजे मास्तरांच्या शुद्धलेखनात चूक शोधायची."

"बाबांना पसंत नव्हती."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले."

मामांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. त्यांना आमच्या घरातली पद्धत कुठे माहीत.

संध्याकाळी बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या. कोपराने बेल वाजवली, तीनदा. खिडकीतून दिसत होतं, बाबा आत खुर्चीत बसलेत. उठले नाहीत. शेवटी पिशव्या खाली ठेवून किल्ली शोधली. मला पाहून म्हणाले, "आलीस?" जसं काही झालंच नाही.

रागावलेत. त्या मशीनचे पैसे घेतले म्हणून असेल. की परवाचं, आईच्या फोनचं? तसं असेल तर पान उलटलं ती क्षमा नव्हती. हे मी जितकं कमी मनात आणेन तितकं बरं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ग्रीसमामांनी स्वतः एक गाडी शोधून आणली. लाल, बेकरीवाल्या बाईंची, मागे पावांच्या ट्रेसाठी फळी बसवलेली. माझी आइसबॉक्स तिच्यावर नेमकी बसली असती. पावणेदोन लाखांच्या आत. मामा शपथेवर सांगत होते की पुढची पाच वर्षं बघायला नको.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला. एका कानाला. दुसऱ्या कानाला. डोळे मिटले. कपाळावर घाम आला होता. मग गप्प.

"बाबा?" मी विचारलं. ते इंजिनाकडेच बघत राहिले.

मी नको म्हणाले. मामा भडकलेच. "ताई, तुम्हाला गाडी पाहिजे की जावई? एवढं तर मुलगी देतानाही कोणी बघत नाही!"

जावई बघताना नीट बघितलं नव्हतं, म्हणूनच हे सगळं, असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तेरा दिवस उरले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही.

अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, दुपारी घरी आले. स्वयंपाकघरात बाबा फ्रिजशेजारी जमिनीवर बसलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या मागच्या बाजूला टेकवलेलं आणि लाकडी मूठ तोंडात. दातांत घट्ट धरलेली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. मी दारातच उभी राहिले. चपला वाजल्या, पिशवी खाली ठेवली, तरी त्यांना पत्ता नाही. मी हळूच मागे सरकले आणि जिन्यात जाऊन बसले.

नंतर तो स्क्रूड्रायव्हर पाहिला. मुठीवर दातांचे खूप व्रण आहेत. म्हणजे आजचं नाही हे.

लॅबमध्ये मी अशी माणसं रोज बघते. मुलगी हाताला धरून आणते, म्हणते, बाबांचं अलीकडे जरा असंतसं व्हायला लागलंय. मी त्या मुलींशी फार गोड बोलते. आज कळलं, गोड बोलण्याने काही होत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

ठरवलं, पुढची गाडी बघायला बाबांना न्यायचं नाही. त्यांच्या गप्प बसण्यावर मी आता विसंबू शकत नाही. असं लिहिताना त्यांच्या पाकिटाकडे बघवत नाही.

खारूला सांगितलं तर ती फणकारलीच. "आजोबांना नेणार नसशील तर मी पण येणार नाही. आणि मामांनाही सांगणार, येऊ नका."

"तुला कळत नाही गं. आजोबांना आता झेपत नाही."

"तुला कळत नाही," ती म्हणाली. मग ओठ आवळले, जणू तोंडात कोणी कुलूप घातलंय. "मला काही सांगता येत नाही. पण त्यांना ने. आई, प्लीज. एकदाच."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. गाडीसाठी कोणी रडतं का?

बरं, नेते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दातांच्या डॉक्टरीण बाईंची गाडी. बाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढरे केस कापलेले. दवाखाना घराच्या खालीच होता, आता बंद. गाडी पिस्त्याच्या रंगाची, सोळा वर्षांची, आणि चाललीय इतकी कमी की ग्रीसमामांना आधी किलोमीटरच्या काट्याचाच संशय आला.

"मी फक्त वाचनालय आणि बहीण एवढंच फिरले," बाई म्हणाल्या. "आता डोळे साथ देत नाहीत. परवा फाटकाच्या खांबाला नमस्कार केला, मला वाटलं शेजारी उभेत. तेव्हा म्हटलं, बाई, पुरे. कोणाला धडकण्याआधी विकलेली बरी." हे सगळं इतक्या मोकळेपणाने सांगितलं की मला हेवा वाटला.

मामांनी गाडी चालू केली, कान लावला, वर-खाली पाहिलं, एक चक्कर मारून आले. "घड्याळासारखी आहे. एक लाख साठला आहे हे लॉटरीच समजा. आता मात्र ताई, हात जोडतो."

बाबा पुढे झाले. स्क्रूड्रायव्हर काढला. मूठ कानाशी नेली आणि तिथेच थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग खारूकडे. खारूने मान हलवली, अगदी थोडी.

बाबांनी मूठ दातांत धरली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मामा दुसरीकडे बघायला लागले. बाबा वाकून स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका ठिकाणी टेकवत होते, इथे, तिथे, पुन्हा इथे. आणि मग ते गुणगुणायला लागले. दातांत मूठ तशीच, नाकातून, बेसूर. किती दिवसांनी ऐकलं! एका जागी मात्र गुणगुणणं थांबलं. टोक तिथेच ठेवून त्यांनी मामांना बोटाने खूण केली.

"हा कोण?"

"पाण्याचा पंप," मामा म्हणाले. बाबांच्या तोंडासमोर येऊन, मोठ्याने.

"ह्याच्या पोटात खरखर आहे. बाकी इंजिन सोनं आहे. हा जाणार."

"नाही हो आजोबा, मी ऐकलं ना आत्ता. साफ आहे."

"पट्टा काढून हलवून बघा."

मामांनी कुरकुरत गाडी बंद केली, थोडं निवू दिलं, पट्टा काढला आणि पंपाची चाकी बोटांत धरून हलवली. ती हलली. अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, पण हलली. मामा खाली बसले. "महिन्याभरात भर रस्त्यात इंजिन उकळलं असतं," ते म्हणाले. "वीस वर्षं हे काम करतोय मी. कसं कळलं?"

डॉक्टरीण बाई माझ्याजवळ येऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "कानांनी कधीपासून ऐकू येत नाही त्यांना?"

"छे! बाबांना? तिखट कान आहेत त्यांचे."

"दातांतून हाडात, हाडातून आत. कानाच्या बाहेरच्या भागात बिघाड असला तरी ही वाट उघडी असते कधीकधी. माझ्या खुर्चीत पन्नास वर्षं माणसं बसली, त्यांना ड्रिलचा आवाज असाच तर जायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझंही तसंच होतं. दिसत नाही हे वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. खांबाने सांगितलं."

मी हसले. हसण्यावारी नेलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी बाबा खिडकीशी उभे होते, पाठमोरे. मी चार पावलांवर उभी राहून म्हणाले, "बाबा." मग जरा मोठ्याने. मग मोबाईलचा गजर लावून त्यांच्या मागे स्टुलावर ठेवला. तो किंचाळत राहिला. बाबा खाली रस्त्यावरची वर्दळ बघत राहिले. त्यांची मान, कॉलरच्या वर दोन सुरकुत्या, आणि तो गजर. शेजारच्यांनी भिंतीवर धपाटे घातले तेव्हा मी तो बंद केला.

रोज पन्नास माणसांचं रक्त काढते मी. नस कुठे आहे ते न बघता बोटाला कळतं. आणि हे कळलं नाही.

बेल. वर्तमानपत्र. खारूची टकटक: टेबलाची थरथर त्यांच्या हाताला कळते. मास्तरांची फाईल. लाल गाडी. आणि बेसिनपाशी बोललेलं सगळं, एकूण एक. ते मी नळाला सांगत होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खारूला धरलं. ती लगेच फुटली. "पाच महिने झाले. त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, तुझ्या आईला कळलं तर ती मला कशातच विचारणार नाही. आणि गाडीचं ठरल्यावर म्हणाले, आता तर ती गाडी बघायलाही नेणार नाही."

आणि मी रविवारी नेमकं तेच ठरवलं होतं.

"दातांची युक्ती कोणाची?"

"त्यांचीच. ब्रश करताना सापडली. आधी मिक्सरवर करून बघितलं, मग फ्रिज. पण लोकांसमोर करायची लाज वाटायची त्यांना. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही दात लावून ऐकता ह्यात लाज कसली, मी तर दात लावून सगळंच करते."

बाबांच्या खोलीत गेले. टेबलावर दोनदा टकटक केलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्या बोटांकडे, मग तोंडाकडे. कळलं त्यांना. कितीतरी वेळ चादरीची घडी सरळ करत राहिले.

मी समोर बसले आणि सावकाश विचारलं, "मास्तरांची गाडी कशी होती?"

"चांगली होती की. फाईल बघितली ना मी. इतकं नीट ठेवणारा माणूस गाडी वाईट ठेवेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी आवाज शोधत होतो. सापडेना. तोपर्यंत तूच नको म्हणालीस." त्यांनी चादर सोडली. "मला वाटलं तुला रंग आवडला नाही."

"आणि लाल?"

"लाल तर मलाच हवी होती!"

दोघंही हसलो. खारू धावत आली, कोणाला काय झालं बघायला.

२७ सप्टेंबर, शनिवार

पिस्त्याच्या रंगाची गाडी आमच्या दारात. डॉक्टरीण बाईंनी पंपाचे म्हणून आपणहून सहा हजार कमी केले. किल्ली देताना बोनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "जा गं. आता तुला बाहेर फिरायला मिळेल." आत गेल्या, मागे वळल्या नाहीत. खारूने ठरवलंय, दर महिन्याला त्यांना ह्याच गाडीतून वाचनालयात न्यायचं.

मामांनी पंप बदलला. जुना पंप फडक्यात गुंडाळून बाबांना नजर केला, मेडल दिल्यासारखा. आणि मजुरी घेतली नाही. म्हणाले, "गुरुदक्षिणा."

बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्राने बराच फरक पडेल म्हणाले. बाबांनी किंमत ऐकली, म्हणजे वाचली, आणि मला म्हणाले, "जुनं मिळतं का बघ. एकहाती. आणि आधी मी चालवून बघणार." डॉक्टर गंभीरपणे समजावायला लागले की तसं नसतं. बाबांनी मला डोळा मारला.

चार दिवस चालवून बघायला दिलंय. कानात घालून पहिलं वाक्य ऐकलं ते खारूचं. म्हणाले, "केवढं बोलते ही! मला वाटायचं नुसतं तोंड हलवते."

१ ऑक्टोबर, बुधवार

सहाला निघालो. निघालो म्हणजे बाबाही. "पंपावर लक्ष ठेवायला," म्हणाले. सात वस्त्या, एकवीस घरं. मी आत जाऊन रक्त घेत होते, बाबा गाडीत आइसबॉक्सवर हात ठेवून बसत होते, जसं काही कोणी पळवणार आहे. आठ पन्नासला नमुने लॅबमध्ये. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मी आता कोणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत नाही. "ठीक आहे ना?" असं सरळ विचारलं. म्हणाल्या, "उत्तम आहे."

घरापाशी आल्यावर गाडी बंद केली. उतरणार तोच बाबा म्हणाले, "थांब. एक विचारायचंय." त्यांनी कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं.

"तू भांडी घासताना बोलायचीस. मला तुझे खांदे दिसायचे. एकदा तर फार हलत होते. मी उठणार होतो, पण तू काय बोलतेस तेच माहीत नव्हतं, तर येऊन काय म्हणणार? म्हणून पान उलटलं. काय सांगत होतीस?"

मी काचेतून समोर बघत होते. काच स्वच्छ होती, तरी वायपर चालू करावासा वाटला.

"काही नाही हो बाबा. आठवत नाही आता."

"इकडे तोंड कर," बाबा म्हणाले. "हे यंत्र अजून कच्चं आहे. मला ओठ दिसायला हवेत. आणि पहिल्यापासून सांग."

वळले. त्यांच्याकडे बघत सांगितलं. पहाटेचा फोन, घरचा नंबर, आदल्या दिवशीचं भांडण. वाजू दिला ते. नळ नव्हता, ताटली नव्हती, हातांना काही काम नव्हतं, म्हणून स्टिअरिंग धरून ठेवलं होतं.

बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तो फोन मी केला होता."

"माहीत आहे मला. उचलला असता तर आईशी एकदा बोलता आलं असतं."

"काय माहीत आहे तुला? ऐक. ती गेल्यावर केला. तिला काही सांगायचं राहिलं नव्हतं, बेटा, ती आधीच गेली होती. आणि तू उचलला नाहीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. तुला सांगायचं कसं हे मला येत नव्हतं. वाटलं, झोपू दे तिला. अजून तासभर तिला आई असू दे."

रस्त्यावरून एक सायकल गेली. घंटी वाजली आणि बाबांनी चटकन तिकडे पाहिलं, लहान मुलासारखं, मग माझ्याकडे.

खारू गॅलरीतून ओरडत होती, गाडीत काय बसलात, वर या. मी हाताने थांब म्हटलं.  नंतर बाबांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि गुणगुणायला लागले. इंजिन बंदच होतं.